पत्र्याखालचा फोम

लॉन्ड्रीचा पत्रा उन्हाळ्यात असा तापायचा की इस्त्रीवाल्या बायका आळीपाळीने दारात येऊन वारा खायच्या. शेवटी पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर बसवायचं ठरलं. लॉन्ड्रीचा मालक दादा धाकट्या बहिणीला म्हणाला, "माल तूच निवड. तुझी नजर पारखी."

तिने दोन नमुने आणले, थर्माकोलसारखा हलका पांढरा फोम आणि दगड वितळवून काढलेल्या तंतूंची दगडी लोकर. मागच्या अंगणात सगळ्यांदेखत दोन्हींना बर्नरची ज्योत लावली. फोम वितळून काळा धूर ओकू लागला. लोकर नुसती काळवंडली. ड्रायरमागे साचलेलं कपड्यांचं तूस मागे एकदा पेटलं होतंच, त्यामुळे वादच उरला नाही.

"लोकरच," दादा म्हणाला.

मग नवऱ्याच्या ऑपरेशनमुळे ती आठवडाभर दवाखान्यात अडकली. परतली तेव्हा वर गुळगुळीत छत झालं होतं, खाली छान गारवा. इस्त्रीवाल्यांतल्या थोरल्या मावशी हसून म्हणाल्या, "ताई, तुमच्या पसंतीला तोड नाही!"

एका दिव्यासाठी छताला भोक पाडलं होतं. त्याखाली फरशीवर पांढरे मणी सांडले होते. तिने स्टूल ओढलं, भोकात बोटं घातली. हाताला फोम लागला.

ती तडक दादाच्या केबिनमध्ये शिरली. "वर काय भरलंयस?"

दादाने मान वर केली नाही. "व्याह्यांचं फोमचंच दुकान आहे गं. पोरीचं लग्न तोंडावर. त्यांना नाही कसं म्हणू?"

"आणि बायकांना काय सांगितलंस?"

"तूच निवडलंस म्हणालो. तुझं नाव घेतलं की कोणी उलटून विचारत नाही."

नुसतं तिच्याशी खोटं बोलला असता, तर ती कडाकडा भांडून मोकळी झाली असती. पण तिच्यावर डोळे झाकून विसंबणाऱ्या बायकांचा त्याने तिच्याच नावाने केसाने गळा कापला होता.

बाहेर येऊन तिने ड्रायर बंद केले.

"मावशी, वर फोम आहे. मी निवडलेला नाही."

"पण दादा तर म्हणाले..."

"खोटं बोलला तो."

सख्ख्या भावाबद्दल चारचौघांत असं ती पहिल्यांदाच बोलत होती. बायकांनी पिशव्या उचलल्या.

लोकर बसेपर्यंत त्या परत आल्या नाहीत. व्याही रुसले, तरी लग्न पार पडलं. दादा मात्र कामापुरतंच बोलू लागला.

पुढे नवा साबण आला, तेव्हा मावशींनी डबा हातात धरून विचारलं, "ताई, हा खरंच तुम्ही आणलाय ना?"

तिने होकारार्थी मान डोलावली. तरी मावशी डबा उघडून वास घेत राहिल्या.