चौकातले बाक

"पुढचं चित्र लाव रे, पारिस," एव्हांथिया कुजबुजली.

पारिसनं कळ दाबली. सभागृहाच्या पडद्यावर उपनगराचा रंगीत नकाशा आला. रेल्वेच्या फाटकापलीकडे जॉर्जियाहून आलेले, जुन्या साबण कारखान्यामागे पाकिस्तानी आणि चर्चच्या चौकाभोवती, हिरव्या रंगात, अल्बेनियन. 'आपल्या गावात कोण राहतं?' ही पाहणी करायला नगरपालिकेची ही दोघं हिवाळाभर दारोदार हिंडली होती. हिरवा भाग मात्र पारिसनं एव्हांथियाच्या गळ्यात मारला होता. "चढ फार आहे गं तिकडे. माझा गुडघा धरतो."

गुडघा ठणठणीत होता. त्या चढावर त्याचे वडील राहत होते.

सहा वर्षांचा असताना बापाच्या खांद्यावर बसून तो अल्बेनियातून डोंगर ओलांडून ग्रीसमध्ये आला, तेव्हा त्याचं नाव पर्पारिम होतं. शाळेतल्या बाईंची जीभ अडखळली. "पारिस म्हणू या का?" त्यांनी विचारलं. बाप मिस्लिम, हातावर चुना वाळलेला, लगेच म्हणाला, "म्हणा, म्हणा. पोराला त्रास नको." पुढचं सगळं पोरानं स्वतः केलं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी गाव विचारलं. "यानिनाकडचा," तो म्हणाला. सरहद्दीच्या अलीकडचं, ग्रीसमधलंच शहर. एकदा बोलून गेला आणि मग तेच निभावत राहिला.

अहवाल संपला. टाळ्या पडल्या. मग थेओफिलोस नावाचे नगरसेवक उठले. "नकाशा छान आहे. पण त्या हिरव्या चौकात म्हातारे दिवसभर बाक अडवून बसतात, त्याचं काय? आमच्या बायकामुलींनी टेकायचं कुठे? माझं म्हणणं, बाकच काढून टाका."

"लोकांपैकी कुणाला बोलायचंय?" अध्यक्षांनी विचारलं.

मागच्या रांगेत एक म्हातारा उभा राहिला. ठेवणीतला कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

"मी मिस्लिम," म्हातारा मोडक्या ग्रीकमध्ये म्हणाला. "आम्ही बसतो. दारू नाही. शिट्टी नाही. डोमिनो खेळतो फक्त. घर..." त्याला शब्द सापडेना. हातांनी त्यानं हवेत एक लहानसा चौकोन काढला.

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आजोबा, तुमच्यातलं कुणी आहे का इथे?" अध्यक्ष मायेनंच म्हणाले. "भाषा येणारं? तुमच्या वतीनं बोलेल असं?"

मिस्लिमनं पारिसकडे पाहिलं. क्षणभरच. पारिस खाली वाकला आणि प्रोजेक्टरची नीट बसलेली वायर काढून पुन्हा बसवू लागला.

"तुझ्याकडे बघतायत ते," एव्हांथिया म्हणाली. "ओळखतोस?"

"रस्त्यावर दिसतात कधीमधी."

तो हळूच बोलला होता, पण समोर माइक चालू होता. आवाज सगळ्या सभागृहात गेला.

म्हाताऱ्यानं कोटाचं टोक खाली ओढलं. "नाही साहेब," तो अध्यक्षांना म्हणाला, "माझं कुणी नाही इथे. मीच बोलतो." आणि तो बोलला. घरात दोन खोल्या, रात्रपाळी करून झोपलेली माणसं, म्हाताऱ्यानं खोकायचंसुद्धा बाहेर जाऊन, असं काहीबाही. क्रियापदं चुकत होती, पण त्यानं बोलणं पुरं केलं. "मेहेरबानी," म्हणून तो खाली बसला. मतदान झालं. बाक काढायचं ठरलं.

संध्याकाळी पारिस चढ चढून गेला. मिस्लिमनं दार उघडलं, त्याला खिडकीपाशी बसवलं, पाहुण्यांच्या कपात कॉफी दिली. बशीत लोकुम नावाची मऊ गोड मिठाई ठेवली. या घरात त्या बशीतून पारिसला कधीच कुणी काही दिलं नव्हतं. तो घरचा, हंडीतून खाणारा.

"बाबा, मी..."

"कॉफी निवतेय."

"बाबा, मला शिव्या तरी द्या."

"कशाला? नोकरी आहे तुझी. बायको, पोरगी आहे." म्हातारा खिडकीबाहेर बघत होता. "घे, लोकुम घे."

पारिसनं लोकुम तोंडात टाकलं. ते गिळेपर्यंत त्याला वर बघवेना.

आठवड्याभरात बाक उखडले गेले. म्हाताऱ्यांनी घरून खुर्च्या आणल्या आणि झाडाखाली तसाच डाव मांडला. शनिवारी पारिस तिथे गेला आणि बापाच्या मागे उभा राहिला. म्हाताऱ्यांनी माना वर केल्या नाहीत. एकजण नुसता म्हणाला, "मिस्लिम, नगरपालिका आली बघ." मिस्लिमनं सोंगटी लावली.

तेवढ्यात बाजाराची पिशवी घेऊन एव्हांथिया आली. "अरे, तू? इकडे?"

पारिस सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "एव्हांथिया, हे माझे वडील."

ती थबकली. सभागृहातलं सगळं तिच्या चेहऱ्यावरून सरकून गेलं. ती काही बोलायच्या आत मिस्लिम खुर्चीतून अर्धा उठला आणि हसून म्हणाला, "नाही हो बाई. साहेब नगरपालिकेतले. मनानं चांगले आहेत, सगळ्याच म्हाताऱ्यांना असं म्हणतात."

"बाबा!"

"तुझी पाळी, बापू," मिस्लिम शेजाऱ्याला म्हणाला.

एव्हांथियानं दोघांकडे पाहिलं. दोघांची हनुवटी सारखी होती. मग ती पिशवी या हातातून त्या हातात घेऊन निघून गेली.

ऊन कललं, तसा डाव मोडला. मिस्लिमनं आपली लाकडी खुर्ची उचलून खांद्यावर घेतली. पारिसनं हात पुढे केला. बापानं नुसती नकाराची मान हलवली. दोघं चढ चढू लागले, बाप पुढे, मुलगा मागे. निम्म्या वाटेत मिस्लिमला दम लागला. त्यानं खुर्ची फुटपाथच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसला, हात गुडघ्यांवर. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. पारिस शेजारी उभा राहिला. बापाचा श्वास पुन्हा संथ होईपर्यंत तो तिथेच उभा होता.