दप्तरासकट

सुदृढ विद्यार्थी हीच समाजाची खरी संपत्ती असते. ही संपत्ती वर्षातून एकदा, मधल्या सुट्टीत, शाळेच्या जिन्याखालच्या काट्यावर मोजली जाते.

मैदान गाड्या लावायला दिल्यापासून खेळाचे सर रिकामेच होते, म्हणून वजनं त्यांच्या गळ्यात पडली. नियम सोपा होता. सातवीत तीस किलोच्या खाली भरलेल्याला रोज एक अंडं आणि पेलाभर दूध. आणि ज्या शाळेत असं एकही मूल नाही, तिला ‘निरोगी शाळा’ ही पितळी पाटी. सरांना पाटी हवी होती.

"दप्तरं कशाला उतरवताय? वेळ जातो. चला, चढा!"

सातवीतल्या एका मुलीला सगळे काडी म्हणत. तिच्या घराखाली पाच दुकानं. पाचही दुकानांत वेफर्स आणि रंगीत पाणी. भाजीसाठी दोन बस बदलाव्या लागत, आणि आई कामावरून सुटेपर्यंत भाजीवाले उठलेले असत. शाळेतलं अंडं हेच काय ते जेवण. काडी काट्यावर चढली आणि एका मिनिटात सुधारली. अंडं बंद, दूध बंद.

आई पार्सलच्या गोदामात वजनं करायची. दुसऱ्या दिवशी रजा टाकून आली.

"सर, पोरीला दप्तरासकट तोललंत?"

"ताई, सगळ्यांना एकच न्याय."

"आमच्याकडे खोक्याचं वजन वजा करतात हो."

"पार्सल वेगळं, मूल वेगळं."

"तेच तर म्हणतेय मी!"

"अहो, खूश व्हा. काडी कसली, ओंडका झालीय आता!"

आईच्या मागे उभी असलेली काडीही हसली. सरांनी विनोद केला की हसायचं असतं.

"एकदा दप्तर काढून तोला. माझ्यासमोर."

"यादी वर गेली, ताई. आता पुढच्या वर्षी."

महिन्याभरात पाटी आली. पाहुण्यांच्या स्वागताला रांगेत उभी असताना काडी दोनदा मटकन खाली बसली. "हल्लीची मुलं सकाळी खाऊनच येत नाहीत," सर पाहुण्यांना म्हणाले. पाहुण्यांनी खेदानं मान हलवली आणि पाटीवरचा पडदा ओढला.

शाळा सुटल्यावर आई तिला गोदामात घेऊन गेली. पार्सलच्या काट्यावर आधी तिला उभं केलं, मग दप्तर ठेवलं.

मुलगी पंचवीस किलो भरली. दप्तर सहा.