हौदाचं माप

फोन वाजला तेव्हा वेल्डरच्या हातात ग्राइंडर होता आणि डोक्यात राग. कोण आहे हे बघायची गरजच नव्हती. महिनाभर सकाळ-दुपार एकच माणूस फोन करत होता, आणि तो त्याचा सख्खा थोरला भाऊ होता.

"प्लायवूडची जाडी धरलीस का?" दादाने विचारलं.

वेल्डरने ग्राइंडर खाली ठेवला. धरली नव्हती.

"वर चटई येणार. ती?"

तीही धरली नव्हती. म्हणजे ट्रेलरची आठ इंच खाली उतरवलेली जमीन शेवटी सातच इंच खोल राहणार आणि दादाचं डोकं छताला टेकणार. अंथरुणात पडल्या पडल्या, एकदाही न बघता, या माणसाने चूक काढली होती. वेल्डरच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण चूक खरी होती.

दादाने चाळीस वर्षं ट्रक चालवला. केबिनमध्येच झोपायचा आणि सकाळी आडवा पडूनच पँट चढवायचा. निवृत्त झाल्यावर त्याने डब्यासारखा एक जुना ट्रेलर ओढत आणला आणि धाकट्याच्या शेडसमोर उभा केला. याचं फिरतं घर करायचं, आपण दोघं भटकायला जायचं. अट एकच: आत ताठ उभं राहून पँट घालता आली पाहिजे. ट्रेलर आतून साडेपाच फूट उंच, दादा सहा फूट एक इंच. तेव्हा मधल्या चालायच्या पट्टीपुरती जमीन कापून खाली उतरवायची ठरली. त्याच दिवशी वेल्डरने दादाला शेडच्या भिंतीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर काटकोनी गुण्या टेकवला आणि पेन्सिलीने रेघ मारली.

मग दादाची पाठच गेली. ऑपरेशन झालं, त्यानंतर वर्षभर अंथरूण. आता कंबरेत वाकायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं. फिरणं विसरा, असं सगळ्यांनी सांगितलं. दादा म्हणाला, "ट्रेलर तयार झाला की मी उठतो." त्या एका आशेवर तो तग धरून आहे हे वेल्डरला ठाऊक होतं. नाहीतर त्याने फोन कधीच फेकून दिला असता.

त्याने आठ इंची जमीन कापून काढली, कोपऱ्यात आदळली आणि नवा पत्रा वाकवून, अँगल जोडून नऊ इंची बसवली. बायको त्या खोलगट पट्टीला हौद म्हणायची. "मासे कधी सोडताय?" असं रोज विचारायची आणि तो रोज ऐकून घ्यायचा.

चाचणीला ट्रेलर गल्लीच्या तोंडापर्यंत नेला, तर हौद गतिरोधकावर असा करकरत घासला की लोक खिडक्यांत आले. मग स्प्रिंगांखाली ठोकळे घालून ट्रेलर वर उचलला. तर दार इतकं उंच झालं की पायरी करावी लागली. पायरी केली, तर दार उघडताना तिला आपटायला लागलं. वेल्डरला वाटलं, एक दिवस आपण या हौदातच पाणी भरून बसू.

अखेर दादा आला. काठी टेकत, पायरीला नावं ठेवत आत चढला. पुतण्याच्या लग्नात घातलेली पँट घडी करून सोबत आणली होती. हौदात उतरून तो उभा राहिला. वेल्डर आणि बायको दारातून बघत होते.

दादाच्या डोक्यावर चार बोटं जागा होती.

"हे काय?" दादा म्हणाला. "दोन इंच जास्त उतरवलंस. मग घासणार नाही तर काय होणार?"

"पण दादा, ती भिंतीवरची रेघ..." बायकोने तोंड उघडलं.

वेल्डरने मागे वळून शेडच्या भिंतीकडे पाहिलं. रेघ जागच्या जागी होती. पाठीच्या दुखण्यात दादाच दोन इंच तिच्या खाली गेला होता. महिनाभर दोघं अर्ध्या अर्ध्या इंचासाठी भांडले होते. कापून टाकलेला तो पहिला हौदसुद्धा पुरला असता. एका शब्दात त्याला स्वतःला खरं ठरवता आलं असतं.

"चुकलं माप," तो म्हणाला. "माझंच."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य ती पहिल्यांदा ऐकत होती.

त्याने दोन इंच जाडीच्या फळ्या कापून हौदात अंथरल्या. दादा पुन्हा उभा राहिला. एका हाताने कपाट धरून त्याने एक पाय पँटीत घातला, दम खाल्ला, मग दुसरा. बराच वेळ लागला. मदतीला कोणी पुढे झालं नाही, कारण झालं असतं तर काठी बसली असती. बटण लावून तो ताठ झाला, जितकं होता आलं तितका. डोक्यावर बरोबर एक इंच.

"आता कसं," दादा म्हणाला. "नीट मापायला काय झालं होतं?"

"हो," वेल्डर म्हणाला.

"सोमवारी निघू."

"हो."

पायरी उतरताना दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि भिंतीकडे न बघता म्हणाला, "आणि ती रेघ पुसून टाक. पुन्हा तिच्यावरून माप घेशील."