मला गुंडाळलं ती सभा

मित्रांनो, तुमची-माझी ओळख तुमच्या तळपायांपुरती. मी एक जुनी सतरंजी आहे. अंगावर निळे-तांबडे पट्टे, एक कोपरा उदबत्तीनं जळालेला आणि मधोमध चहाचा एक डाग. त्या डागाचा आकार बेडकासारखा आहे, असं लहान मुलं म्हणतात. मी त्यांचं ऐकते.

माझं सूत आपल्या वर्धा जिल्ह्यातलंच. अल्लीपूरकडच्या काळ्या वावरात मी बोंड होते. मग बोंडाचा कापूस झाला, कापसाचं सूत झालं आणि एक दिवस मी अनुसयाबाईंच्या मागावर चढले. माग चालवताना अनुसयाबाई हळू आवाजात म्हणायच्या,

उभा गं धागा बाई, उभा राह्यला ताठ
आडव्यानं येऊन गं, बांधली मऊ गाठ

अर्थ मला कळायचा नाही, पण ताल आवडायचा. त्या तालावरच मी हातभर, मग दोन हात, मग खोलीभर झाले.

केळझरपासून जवळच्या एका गावानं मला नेलं. तिथल्या समाजमंदिरात माझा मुक्काम. बारसं असो, साक्षगंध असो, भजन असो, मला अंथरल्याशिवाय काही सुरू व्हायचं नाही. लोक म्हणायचे, "सतरंजी मोठी कामाची आहे." मी सुखावायची. काम नसलं, की मला एका गळक्या खोलीत टाकून देत. तिथं उंदीर माझी चव घेऊन बघायचे. तेही सोसलं.

एका गोष्टीचं मात्र मला फार कुतूहल होतं. बारशाला बाळ येतं, साक्षगंधाला साखर येते; सभेला काय येतं? लोक येतात, बोलतात, उठून जातात. मागं राहते ती धूळ. मग ती सगळी बोलणी जातात तरी कुठं?

ते मला आरोग्य समितीच्या सभेत उमगलं. गावात दवाखान्याचं एक उपकेंद्र होतं. मला वाटायचं, दवाखाना कडुनिंबासारखा आपोआप उगवत असावा. पण तसं नव्हतं. गावाला काय दुखतंखुपतं, ते माझ्यावर बसून ठरायचं. नर्सबाई, म्हणजे माधवी सिस्टर, ते आराखड्यात लिहायच्या. आराखडा तालुक्याला जायचा, तिथून वर्ध्याला. आणि परत येताना तो कधी गोळ्या होऊन यायचा, कधी तपासणीचं टेबल. म्हणजे दवाखाना उगवत होता तो माझ्या अंगावरून! माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! सुतालाही छाती असते, मित्रांनो.

पण त्या सभांमध्ये बायांचे पाय मला कधी लागले नाहीत. समितीत बाया होत्या. येतही होत्या. दाराजवळ उघड्या फरशीवर बसायच्या. त्यांना कुणी हाकललं नव्हतं. ज्या सतरंजीवर सासरा बसला, तिच्यावर सून बसत नाही, एवढीच गावाची रीत. मी जिथं संपायची, तिथं त्यांची जागा सुरू व्हायची.

गरोदर बायांच्या तपासणीचा आणि बाळांना लस देण्याचा दिवसही माझ्यावरच ठरला होता. मंगळवार, सकाळी. मंगळवारच का? तर गणपतीचा वार, चांगला वार. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. माझ्यावर बसलेल्या सगळ्यांनी.

मग हा हिवाळा आला. त्या दिवशीच्या सभेत माधवी सिस्टरांचा आवाज पडलेला होता. म्हणाल्या, "तपासणीला दोन-चार बाया येतात. वरून विचारणा झाली आहे. असंच राहिलं, तर पुढच्या वर्षापासून तुमच्या गावाचा दिवस बंद करून शेजारच्या गावाला जोडतील. आराखडा उद्या द्यायचा आहे. काय लिहू?"

सरपंच रूपराव अगदी माझ्या मधोमध बसले होते. म्हणाले, "बायांलेच फिकर नाई. सिस्टर येते, बसून राह्यते, चालली जाते."

"माही बायको मले म्हनते, तुमीच जा तपासाले. पोट तुमचंच मोठं आहे," शेजारी बसलेले नत्थूजी म्हणाले. पुरुष खदखदून हसले.

दाराजवळ मात्र कुजबुज चालली होती. रूपरावांची सून छाया गावच्या आशा कार्यकर्तीच्या, सपनाच्या, कानाशी काही बोलत होती. छायाला सातवा महिना लागलेला. मागच्या खेपेला तिचं बाळ वाचलं नव्हतं. आता गावातला दिवस गेला, तर तिला तपासायला कोण येणार?

सपना म्हणाली, "छायाले काई सांगाचं आहे."

"मंग सांग म्हना आत येऊन," रूपराव म्हणाले. "मी अडवलं काय?"

छाया जागची हलली नाही. हळूच म्हणाली, "मामाजी बसले, तिथं कशी बसू वो ताई?"

"तूच सांगून दे मंग, सपना," रूपराव म्हणाले.

"माह्यानं नाई होत. जीव तिचा आहे, तिलेच बोलू द्या."

आता आली पंचाईत. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. आणि तरी वाट अडली होती. ती अडवून मीच पडले होते, ऐसपैस.

तेवढ्यात रूपरावांची बायको, रुख्माबाई, गुडघ्यावर हात ठेवून दाराजवळून उठली. माझं टोक धरून म्हणाली, "उठा सारे."

"काऊन?"

"सतरंजी झटकाची आहे."

"आता? भर सभेत?"

"मंग कवा? तुमी काय घरी झटकता?"

सगळे उठले. रुख्माबाईनं मला नावाला एकदा झटकलं, गुंडाळलं आणि कोपऱ्यात उभं करून ठेवलं. म्हणाली, "बसा आता. फरशी साऱ्याइची आहे."

"गार लागते ना वो, वहिनी," नत्थूजी कुरकुरले.

"लागू द्या. आमाले दोन वर्सांपासून लागून राह्यली."

मी आयुष्यात पहिल्यांदा उभी होते. इतकी वर्षं मला पाय ठाऊक होते, आता चेहरे दिसले. छाया आत आली. सासूच्या आडोशानं बसली आणि सिस्टरांकडं बघून बोलू लागली.

"तुमी मंगळवारी सकाळी येता, सिस्टर. तवा आमी कापूस वेचाले गेलेलो राह्यतो. आमी येतो, तवा तुमी गेलेल्या राह्यता. मजुरी बुडवून कोन येईन?"

"मंग संध्याकाळी ठेवा," रूपराव म्हणाले.

सिस्टरांनी मान हलवली. "लशीची पेटी मला उजेड असतानाच परत पोचवावी लागते."

छायानं पदर सावरला.

"बाजाराच्या दिशी या न."

रूपराव पहिल्यांदाच सुनेशी सरळ बोलले. "त्या दिशी तर सारं गाव बाजारात राह्यते ना, पोरी."

"बाजार दुपारून भरते, मामाजी. सकाळी आमी घरीच असतो. त्या दिशी वेचनी बंद राह्यते."

बाकीच्या बाया एकदम बोलू लागल्या. हो, बंदच राह्यते. रूपराव सगळ्यांकडं बघत राहिले. "हे मले आजपर्यंत कोनी सांगतलं काऊन नाई?"

रुख्माबाई म्हणाली, "तुमी सतरंजीवर होते ना!"

नत्थूजींना हसता हसता ठसका लागला. सिस्टरांनी आराखड्यात लिहून घेतलं.

मंजुरी यायला वेळ लागला, पण आली. पहिल्या बाजाराच्या दिवशी मला उपकेंद्राच्या व्हरांड्यात अंथरलं. बाया आल्या, लेकरं आली. माझ्यावर बोटभर जागा उरली नाही. बांगड्या, घुंगुरवाळे, रडणं, हसणं, सगळं मी अंगावर घेतलं. आतलं टेबल रिकामं नव्हतं, म्हणून सिस्टरांनी छायाला माझ्यावरच निजवलं आणि तिच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून त्या थांबल्या. पुन्हा मोजलं.

"छाया, रक्तदाब वाढला आहे गं. आजच वर्ध्याला जायचं. घाबरू नको, वेळेवर कळलं."

रूपराव बाजाराची पिशवी घेऊन फाटकाशी उभे होते. त्यांनी पिशवी तिथंच खाली ठेवली आणि गाडी बघायला धावले. छायानं डोळे मिटून घेतले. आणि तेव्हाच, मित्रांनो, तिच्या पाठीतून माझ्या सुतात एक धक्का आला. धप्प! आतून कुणीतरी लाथ मारली होती.

ते कोण, हे मला आता माहीत आहे. मुलगी आहे. बारसं झालं तेव्हा छायानं तिला माझ्यावरच ठेवलं होतं, आणि लाथा अजून तशाच मारते.

मित्रांनो, मी आता विरत चालले आहे. मला धुतलंत, तर सावलीत वाळवा; उन्हानं रंग उडतो. उंदरांपासून जपा. पण याहून मोठं मागणं एक आहे. माझ्यावर बसून गावाचं काही ठरवणार असाल, तर माझ्या काठापलीकडं कोण बसलंय, ते आधी बघा. त्यांना विचारा. आणि त्यांना आत यायला माझीच अडचण होत असेल, तर मला खुशाल गुंडाळा. मी रुसणार नाही.