झेंडेवाल्याचा मुलगा

लीबेरनं नळ पूर्ण सोडला, खाली हात धरून थोडा वेळ वाट पाहिली आणि त्याला स्वतःचंच हसू आलं. पाहुण्या संघाच्या खोलीत गरम पाणी येणार नव्हतं. मागच्या भिंतीजवळचा कॉक सामन्याआधी गुपचूप बंद करायचं काम पोरवयात त्याचंच होतं, आणि ते झालं की तो दाराआड उभा राहून आतल्या शिव्या मोठ्या आवडीनं ऐकत असे.

"काय रे लंबू, तापलं का पाणी?" बाकावर बसून मनगटाला पट्टी गुंडाळत गोलकीपर नेस्तोरनं विचारलं.

"या जन्मात नाही तापायचं."

"तुझीच माणसं ना ही?"

"होती," लीबेर म्हणाला आणि मोजे चढवायला लागला.

आर्तेसानोस क्लबच्या या मैदानावरच तो वाढला होता. विशीत त्याला स्पेनच्या एका क्लबानं विकत घेतलं, आणि त्या सौद्यातून इथे सिमेंटच्या पायऱ्यांचा स्टँड उभा राहिला. वस्तीत सगळे त्याला अजूनही 'लीबेरचा कट्टा' म्हणत. कट्टा पक्का झाला, लीबेर मात्र कुठेच रुजला नाही. स्पेनवाल्यांनी त्याला ग्रीसमध्ये उसना दिला, ग्रीसवाल्यांनी मेक्सिकोत, आणि पुढे पुढे तर शेजारणीकडे गेलेल्या भांड्यासारखी त्याची गत झाली. कोणी ठेवूनही घेईना, कोणी परतही मागेना. गुडघा बोलायला लागल्यावर तो मॉन्टेव्हिडिओला परतला आणि आधी आर्तेसानोसच्याच दारात गेला. त्यांनी कॉफी पाजली, भिंतीवरचा त्याचा जुना फोटो दाखवला आणि आता आम्हाला तरुण पोरं हवीत असं गोड आवाजात सांगितलं. आठवड्याभरात ओढ्यापलीकडच्या विएन्तो सूरनं बोलावलं. या वस्तीनं ज्यांना पिढ्यान्पिढ्या पाण्यात पाहिलं, तेच हे विएन्तो सूर. लीबेरनं सही केली. करतो काय? खेळण्याखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं.

त्या दिवसापासून त्याच्या वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. गोलही त्याच दिवसापासून रुसले. अख्खा हंगाम संपत आला तरी त्याच्या नावावर एक गोल नव्हता.

वडील गुमेर्सिन्दो. चामड्याच्या कारखान्यात राबून निवृत्त झालेले, पण वस्तीत त्यांची ओळख निराळी होती. दर रविवारी स्थानिक सामन्यांत ते लाइन्समनचा झेंडा धरत. सख्खी आई ऑफसाइड असली तरी गुमेर झेंडा वर करील, असं लोक म्हणत, आणि ते कौतुकानं म्हणत की वैतागून, हे त्या दिवशी कोण हरलं त्यावर असे. लहानपणी लीबेर गल्लीत दोन बुटांच्या मधून चेंडू मारून नाचायला लागला की उंबऱ्यात माते, म्हणजे तिकडचा कडू पाल्याचा काढा, पीत बसलेले वडील एक बोट वर करत. "ऑफसाइड." त्याच्या वाढदिवशी, पाहुण्यांच्या देखत, केक कापायच्या आधीच त्यानं हात घातला तेव्हासुद्धा त्यांनी बोट वर केलं होतं. तेव्हा लीबेर रडला होता आणि केकला शिवला नव्हता.

जुन्या क्लबाविरुद्ध गोल झाला तर आनंद करायचा नसतो. दोन्ही हात वर करायचे आणि माफी मागायची. लीबेरनं आठवडाभर मनात तेच घोळवलं होतं.

"मी कट्ट्याकडे तोंड करून हात वर करणार," तो बायकोला म्हणाला होता. "बाबा समोरच असतील."

यानिना मसुराच्या आमटीत डाव फिरवत होती. "आधी गोल तर कर बाबा. माफीचं मग बघू."

आता प्रशिक्षक पेराल्ता आत आले आणि त्याच्या शेजारी टेकले.

"आज तुला सुरुवातीपासून खेळवतोय. पण आज शेवटचं, लीबेर. आज गोल नाही झाला तर पुढच्या रविवारपासून बाकावरही जागा नाही. लोक मला फाडून खातायत."

"कळतंय."

"मला दाखवायला काहीतरी दे. टाचेनं मार, कानानं मार."

मैदानात उतरताना त्यानं कट्ट्याकडे पाहिलं. वडील नेहमीच्या जागी होते, पेनल्टीच्या रेषेच्या अगदी समोर. ऑफसाइड नेमका दिसावा, म्हणजे चेंडू सुटायच्या आधीच बचावाच्या पुढे गेलेला गडी पकडता यावा, म्हणून कट्टा बांधून झाला त्याच दिवशी त्यांनी ती पायरी धरली होती. काखेत थर्मास, हातात मातेची वाटी, शेजारी जुना मित्र एल्बिओ. ते समोरच्या झाडांकडे पाहत होते.

"आजोबा, काठी घरी राहिली का?" वरून कोणीतरी लीबेरवर ओरडलं.

"लीबेर, कट्टा जाताना घेऊन जा रे! तुझाच आहे!"

सगळे खो खो हसले. सुरुवातीलाच आलेला चेंडू त्यानं डोक्यानं बारवरून घालवला. मग एक सोपा पास त्याच्याच टाचेला लागून बाहेर गेला, आणि विएन्तो सूरची माणसंसुद्धा आता त्याच्या आईचा उद्धार करायला लागली. त्याला स्वतःच्या पायांचा इतका राग आला की ते कापून ओढ्यात टाकावेत असं वाटलं. डोक्यात सगळं आधी दिसत होतं. चेंडू कुठे येणार, बचाव कुठे फाटणार, सगळं. पाय मात्र निरोप उशिरा पोचल्यासारखे हलत.

मध्यंतरानंतर थोड्याच वेळात कडेला बदली खेळणारा पोरसवदा केविन जर्सी चढवून पाय मोकळे करायला लागला. लीबेरनं ओळखलं, आपला बाजार उठला.

तेवढ्यात नेस्तोरनं लांब चेंडू मारायला पाय मागे घेतला. लीबेर धावला. नेहमीसारखं मागे पडू नये म्हणून चेंडू सुटायच्या आधीच धावला. चेंडू टप्पा खाऊन त्याच्या नडगीवर आदळला, वेडावाकडा सरपटत आर्तेसानोसच्या गोलकीपरच्या दोन पायांमधून गेला आणि जाळीत शिरला.

लीबेरचे हात आपोआप वर गेले. तो कट्ट्याकडे वळला. तळवे समोर, मान खाली. मैदान चिडीचूप झालं.

आणि त्या शांततेत कट्ट्यावरून एकच आवाज आला, घोगरा, लांबलचक, दम संपेपर्यंत ओढलेला.

"गोऽऽऽल!"

लीबेरनं मान वर केली. आर्तेसानोसच्या सगळ्या बसलेल्या माणसांत एक म्हातारा उभा होता. थर्मास त्यानं डोक्यावर उंच धरला होता, त्याचं झाकण उडालं होतं आणि गरम पाणी एल्बिओच्या खांद्यावर सांडत होतं. एल्बिओ बोंबलत होता. म्हाताऱ्याला पत्ता नव्हता.

मग शिट्टी वाजली. लाइन्समनचा झेंडा वर होता. ऑफसाइड, गोल रद्द.

आधी हशा पिकला, मग हसणं आटलं आणि सगळे गुमेर्सिन्दोकडे वळले.

"बस खाली, गुमेर," एल्बिओ दातओठ खात म्हणाला. "अब्रू घालवलीस."

"ओढ्यापलीकडे जा, म्हाताऱ्या!"

एक अर्धा खाल्लेला पाव त्यांच्या कोटावर येऊन आपटला. ते बसले नाहीत. कोट झटकला, झाकण शोधून लावलं आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत फाटकाबाहेर गेले. पेराल्तांनी लीबेरला बाहेर बोलावलं तेव्हा तो अजून त्या रिकाम्या पायरीकडे पाहत होता.

सामना विएन्तो सूर हरले. पेराल्तांनी जाताना त्याच्या पाठीवर हात ठेवला, बस. तो हात जरा जास्तच वेळ राहिला. लीबेरनं गार पाण्यानं अंघोळ केली, बॅग उचलली आणि मागच्या दारानं निघाला.

पाहुण्यांच्या बसजवळच्या झाडाखाली वडील उभे होते. त्यांनी वाटीत पाणी ओतलं, आधी स्वतः प्यायले, पुन्हा भरली आणि त्याच्यासमोर धरली. लीबेरनं ती घेतली, पण प्यायला नाही.

"एल्बिओकाका भाजले का?"

"थोडासा. त्याची तीच लायकी आहे."

"बाबा, तुमची जागा गेली."

"दगड होता तो. हिवाळ्यात ढुंगण गारठायचं."

बसमध्ये चढणारी पोरं त्यांच्याकडे चोरून बघत होती. वडिलांनी घसा खाकरला.

"ऑफसाइड नव्हता."

लीबेरनं त्यांच्याकडे पाहिलं. ते पुन्हा झाडांकडे पाहत होते.

"बाबा, मी चांगला हातभर पुढे होतो. निघतानाच मला कळलं होतं."

"नव्हतास."

"तुमच्या अगदी समोर—"

"उभा जन्म झेंडा धरलाय मी," वडील म्हणाले. "मला ऑफसाइड शिकवतोस? पी ते. गार होतंय."