एका दिवसाचा फरक

संचिताने घरापुढच्या खळ्यात कोळशाने लांबट वर्तुळ काढले, आत जरा एका बाजूला तांब्या ठेवला आणि वडिलांच्या पानाच्या डब्यातली सुपारी रेघेवरून फिरवायला घेतली. तांब्या म्हणजे सूर्य, सुपारी म्हणजे पृथ्वी. गोव्यात ती समुद्राचा अभ्यास करी, आणि घरी आली की कुणी विचारो न विचारो, शिकवायला बसे. आज मात्र वडिलांनी, लवूने, स्वतःहून विचारले होते.

"पृथ्वी हयसर सूर्याच्या जवळ येता, थयसर लांब जाता," ती म्हणाली. "हो जवळ येवचो दिस हळूहळू फुडे सरकता. हजारो वर्सांनी आमच्यासारख्या उष्ण दर्यांचे मोसमच बदलतत."

"म्हणजे दर्याची येळ सरकता?"

"सरकता."

उद्या नारळी पौर्णिमा. आचऱ्यातल्या त्यांच्या वाडीचा नारळ लवूच्या हातून समुद्राला जाई, मगच होड्या पाण्यात उतरत. गेल्या वर्षीही त्यानेच दिला होता. त्याचा मुलगा अजय म्हणत होता, लाटा अजून मोठ्या आहेत, उद्या जातो. लवू त्याला चारचौघांत हसला. नारळ दिल्यावर घरी बसतात त्या बायका, असेही म्हणाला. संध्याकाळी होडी उलटी सापडली; अजय सापडलाच नाही. तेव्हापासून लवूने किनाऱ्यावर पाऊल टाकले नव्हते, आणि यंदाचा नारळ दुसऱ्या कुणी द्यावा असा त्याने वाडीत निरोप धाडला होता.

"माज्या जल्मात किती सरकली?" त्याने विचारले.

"खूप नाय, बाबा. फार तर एक दिस."

लवूने रेघेवरची सुपारी उचलून मुठीत धरली.

"अजय एकच दिस मागत होतो गो."

एवढ्याशा फरकाने कुठल्याही पावसाळ्यातल्या लाटा थांबत नाहीत, हे संचिताला पक्के ठाऊक होते. पण भाऊ गेलाच होता. आता बापही डोळ्यांदेखत झिजत चालला होता.

"तोच दिस चुकलो," ती म्हणाली. "दर्यो सरकलो होतो, बाबा. तुमची चूक नाय."

वर्षभरात पहिल्यांदाच लवू मुलीसमोर रडला.

"खोटा बोलूक तुका ल्हानपणापासून जमला नाय," डोळे पुसत तो म्हणाला. "परत एकदा सांग."