ठोकळेबाज म्हणे!

मी ठोकळेबाज बोलतोय. माणूस नव्हे हो, शब्द! ज्यात स्वतःच्या डोक्यानं केलेलं काहीच नाही, जे कुणालाही, कुठंही चिकटवता येतं, त्याला ठोकळेबाज म्हणायचं. एवढा साधा अर्थ. पण लोक मला वाटेल तिथं राबवतात. सिनेमा कळला नाही, ठोकळेबाज! जावई कमी बोलतो, ठोकळेबाज! जीव नकोसा केलाय मेल्यांनी.

माझा सगळ्यात जास्त छळ केला तो एका ऑफिसातल्या हेडक्लार्कनी. टायपिस्ट मुलीनं काही नवं लिहून आणलं की कागद न उलगडताच म्हणायचे, "ठोकळेबाज! डोकं चालवा जरा."

आणि स्वतः? कुणीही निवृत्त झालं की निरोपाचं भाषण हेच लिहून देणार. लिहून कसलं, एकदा लिहिलेलंच पुन्हा! नाव तेवढं बदलायचं. शिपाई असो की साहेब, सगळे मनमिळाऊ, वक्तशीर आणि सदा हसतमुख. मी त्यांच्या जिभेवर नुसता थयथयाट करायचो. पण स्वतःच्या बाबतीत माझी आठवण कुणाला होते?

मग त्यांचाच निरोपसमारंभ आला. आपल्याबद्दल कुणीतरी मनापासून चार शब्द बोलेल, एवढीच त्यांना आस होती. एकदा नळ फुटून भिजलेल्या फायली त्यांनी घरी नेऊन, इस्त्री फिरवून वाळवल्या होत्या. निदान तो विषय तरी निघेल! बायकोला मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलं.

टायपिस्टनं भाषण वेगळं लिहिलं होतं. पण साहेब म्हणाले, "कशाला? त्यांचंच जुनं आहे की. त्यांना बरं वाटेल."

झालं! साहेबांनी वाचायला घेतलं. "मनमिळाऊ, वक्तशीर, सदा हसतमुख..."

"हसतमुख?" बायको एवढ्या मोठ्यानं म्हणाली की मागच्या रांगेत खसखस पिकली. फायलींचं कुणी नावही काढलं नाही. टाळ्या झाल्या, गुच्छ मिळाला.

बायको त्यांच्या कानाशी लागली. "अहो, सगळी उमर घातलीत इथं, आणि हे असलं ठोकळेबाज? लिहिलं तरी कुणी?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी नेमक्या जागी वापरलं होतं. खूश व्हायला हवं होतं मी. पण त्यांचे डोळे भरलेले पाहिले आणि मलाच कसंतरी झालं. बाबांनो, मला दुसऱ्याच्या अंगावर फेकण्याआधी एकदा स्वतःच्या कागदावर ठेवून बघत जा, दुसरं काही मागणं नाही.

"मीच," ते म्हणाले.